तेल आणलं म्हणजे निरोप आला असं नाही

प्रश्न : आदरणीय फादर, माझी आई ७८ वर्षांची आहे. वर्षभर तिचं डायलिसिस चालू आहे, सोमवार, बुधवार, शुक्रवार. हल्ली तिचं वजन उतरलंय, घरातल्या घरात चालतानाही भिंत धरावी लागते. परवा ती स्वतःच म्हणाली, "फादरना बोलव, तेल लावून घेते." भावाला सांगितलं तर तो चिडला. "आई काय मरायला टेकलीय का? फादर तेल घेऊन आले की तिचं उरलंसुरलं बळही जाईल, शेजारपाजारचे विचारायला येतील ते वेगळंच," असं म्हणाला. शिवाय दोन वर्षांपूर्वी बायपासच्या आधी हॉस्पिटलात तिला एकदा हा संस्कार मिळालेला आहे. तो पुन्हा घेता येतो का? आणि मुळात तो कुणाला घेता येतो? (एक वाचक भगिनी, वसई)

उत्तर : ताई, आधी थेट उत्तर देतो, बाकीचं नंतर. तुमच्या आईला हा संस्कार, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करण्याचा आपला रुग्णाभ्यंग संस्कार, घेता येतो, आत्ता घेता येतो आणि पुन्हा घेता येतो. तिनं स्वतः मागितला आहे, म्हणजे तर प्रश्नच मिटला. तुमच्या भावाचा मला राग येत नाही. आईवर जीव आहे म्हणूनच तो घाबरला आहे. पण तो ज्या गोष्टीला घाबरतोय ती या संस्कारात नाही. ती आपल्या जुन्या नावात आहे.

माझ्या लहानपणी आमच्या गावात याला अंत्याभ्यंग म्हणत, म्हातारी माणसं नुसतंच 'शेवटचं तेल' म्हणत. फादर काळा झगा घालून, बरोबर घंटी वाजवणारा मुलगा घेऊन वाडीतल्या वाटेनं निघाले की बायका अंगणात येऊन गुडघे टेकायच्या आणि हळूच विचारायच्या, "कोणाच्या घरी?" त्या प्रश्नातच सगळं आलं. त्यात मराठीत 'अंत्यसंस्कार' म्हणजे थेट स्मशान. त्यामुळं हे तेल आणि शवपेटी यांची आपल्या मनात गाठच बसून गेली.

जगभरच्या कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली तेव्हा तिनं १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात हे नाव बदलायला सांगितलं. अंत्याभ्यंगापेक्षा 'रुग्णाभ्यंग' हे नाव अधिक योग्य आहे आणि हा संस्कार केवळ शेवटच्या घटका मोजणाऱ्यांसाठी नाही, असं तिथं स्पष्ट लिहिलं आहे. आजारपणामुळं किंवा वार्धक्यामुळं जिवाला धोका निर्माण होऊ लागला, की तो घ्यायची वेळ आलेलीच असते, असंही तिथंच म्हटलंय. यातला 'होऊ लागला' हा शब्द मी अधोरेखित करतो. १९८३ च्या कॅनन कायद्यातही, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यातही, कलम १००४ मध्ये, नेमकी हीच भाषा आहे: कळत्या वयाला आलेला कुणीही कॅथलिक, जो आजारानं किंवा म्हातारपणानं धोक्यात येऊ लागला आहे. धोका टोकाला जाईपर्यंत थांबा असं कुठंही सांगितलेलं नाही.

हे काही साठ वर्षांपूर्वी कुणी नव्यानं काढलेलं नाही. बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून बघा. तुमच्यात कुणी दुखणाईत असेल तर त्यानं मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावानं त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असं तिथं आहे. कोण बोलावतो? दुखणाईत स्वतः. म्हणजे त्याला बोलता येतंय, निरोप धाडता येतोय. तुमची आई अगदी याकोबानं सांगितलं तसंच वागते आहे. पुढं मध्ययुगात हा संस्कार मरणाच्या उंबरठ्यावरच्या पापक्षमेला जोडला गेला आणि हळूहळू मागं मागं सरकत शेवटच्या श्वासाशी जाऊन बसला. तरीही १५५१ मध्ये बिशपांच्या ट्रेंटच्या परिषदेत हा विषय आला तेव्हा, मसुद्यात 'मरणोन्मुखांनाच' अशा अर्थाचा जो शब्द होता तो धर्मपित्यांनी काढला आणि त्याजागी 'विशेषतः' घातला. चर्चनं दार कधीच पूर्ण लावून घेतलं नव्हतं. लावलं ते आपण, घरोघरी.

आता 'पुन्हा' विषयी. बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आयुष्यात एकदाच. हा संस्कार तसा नाही. आजारी माणूस बरा होऊन नव्यानं गंभीर आजारी पडला, किंवा त्याच आजारात त्याची प्रकृती आणखी बिघडली, तर पुन्हा देता येतो. तुमच्या आईचं हृदयाचं दुखणं वेगळं, मूत्रपिंडाचं वेगळं. आणि आता ती भिंत धरून चालते, म्हणजे याच दुखण्यात ती खालच्या पायरीवर आलीय. दोन्ही बाजूंनी ती पात्र आहे.

तुमच्या भावाला सांगण्यासाठी एक गोष्ट. १३ मे १९८१ रोजी रोममध्ये सेंट पीटर्स चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जेमेल्ली रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या आधी त्यांचे सचिव फादर जिविश यांनी त्यांना हा संस्कार दिला. पोप गेले ते २ एप्रिल २००५ ला. मधे जवळजवळ चोवीस वर्षं गेली आणि त्यात त्यांनी जग पालथं घातलं, मुंबईलाही येऊन गेले.

रोमइतकं लांब जायला नको असेल तर आगाशीच्या बाजूचे एक काका आहेत. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या बायपासच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना तेल लावलं. तेव्हा त्यांची मुलगी कोपऱ्यात तोंड फिरवून रडत होती. आता दर वर्षी थंडी सरताना राजेळीच्या सुकेळ्यांचा केळीच्या पानात बांधलेला पुडा घेऊन ते माझ्या खोलीवर येतात. तेल लावलं म्हणून बरे झाले असं मी म्हणत नाही, शस्त्रक्रिया डॉक्टरांनी केली. मी एवढंच म्हणतो की तेलानं त्यांना मारलं नाही. आणि ते स्वतः सांगतात, त्या रात्री झोप लागली.

आता, ताई, जे मी आजवर या सदरात लिहिलं नाही ते लिहितो. तुमच्या भावाची चूक मी स्वतः केलेली आहे, तीही धर्मगुरू असताना.

माझी गुरुदीक्षा होऊन तीन वर्षं झाली होती. बाबांना पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आम्हा भावंडांना सांगितलं, बाबांना नाही, तेव्हा तशीच रीत होती. मी दर सोमवारी घरी जायचो. माझ्या खांद्याच्या पिशवीत प्रार्थनेचं पुस्तक आणि तेलाची डबी असायचीच. धर्मग्रामात, म्हणजे माझ्या चर्चच्या हद्दीत, आठवड्याला दोन-तीन आजाऱ्यांना मी तेल लावत होतो, घरच्यांना पटवून सांगत होतो, घाबरू नका म्हणून. आणि स्वतःच्या बाबांजवळ बसून मी केळीच्या बागेबद्दल बोलायचो, विहिरीच्या पंपाबद्दल बोलायचो आणि उठून यायचो. डबी काढली तर त्यांना कळेल, असं मला वाटायचं. असे सात सोमवार गेले. आठव्या आठवड्यात गुरुवारी रात्री निरोप आला. मी पोचलो तेव्हा ते बेशुद्ध होते, घशात घरघर लागली होती. मी कपाळाला तेल लावलं, हातांना लावलं. तो संस्कार खरा होता, पूर्ण होता, त्यात मला शंका नाही. पण त्यांना पापनिवेदन करता आलं नाही. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे चर्चमध्ये मिळणारी ती पवित्र भाकर, गिळता आला नाही. मी म्हटलेली प्रार्थना त्यांनी ऐकली की नाही, मला कधीच कळणार नाही.

बाबांसाठीच्या महिन्याच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) आई ओटीवर बसली होती. म्हणाली, "तू सोमवारी आलास की ते तुझ्या पिशवीकडं बघायचे. तू गेलास की मला विचारायचे, आज काढलं नाही ना त्यानं?"

म्हणून घाई करा म्हणून सांगतो. तिन्ही गोष्टी एकत्र मिळाव्यात अशी चर्चची इच्छा असते: आधी पापनिवेदन, मग अभ्यंग, मग ख्रिस्तप्रसाद. मरणाच्या वाटेवर दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तप्रसादाला लॅटिनमध्ये 'वियातिकुम' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत प्रवासाची शिदोरी. शिदोरी खायला माणूस शुद्धीत हवा, गिळता यायला हवं. शेवटच्या तासाला बोलावलेला फादर तीनपैकी एकच गोष्ट देऊ शकतो. घरच्यांना वाटतं आपण आजाऱ्याला धक्क्यापासून वाचवलं. वाचवलं नाही, त्याच्या ताटातल्या दोन गोष्टी काढून घेतल्या.

याच विषयावर गेल्या दोन महिन्यांत आणखी पत्रं आली आहेत. ती एकत्रच घेतो.

नालासोपाऱ्याहून एक आई विचारते: माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, रक्ताचा कॅन्सर आहे, परळला उपचार चालू आहेत. त्याला हा संस्कार मिळेल का? एका फादरांनी 'लहान आहे, गरज नाही' म्हटलं, ते मला लागलं.

बाई, ते फादर कायद्याच्या भाषेत बोलले आणि तुम्ही आईच्या कानानं ऐकलं. कायदा कळत्या वयाची अट घालतो आणि साधारणपणे सात वर्षं पूर्ण झाली की मूल कळतं झालं असं धरतो. त्यामागं कारण आहे. हा संस्कार आजाऱ्याला धीर देतो, त्याबरोबर पापांची क्षमाही देतो. ज्या बाळाला पाप म्हणजे काय तेच ठाऊक नाही, त्याच्या बाप्तिस्म्याची शुभ्रता तशीच आहे. त्याला कशाची कमतरता नाही. पण म्हणून साडेपाच वर्षांचं मूल वगळलंच पाहिजे असंही नाही. कलम १००५ सांगतं की आजारी व्यक्ती कळत्या वयाला पोचली आहे का याबद्दल शंका असेल तर संस्कार द्यावा. शंकेचा फायदा आजाऱ्याला. आणि दोन वर्षं सुया टोचून घेतलेली मुलं वयाच्या मानानं किती कळती होतात, ते मी त्या वॉर्डात पाहिलंय.

अशाच एका सहा वर्षांच्या मुलीला मी तेल लावलं होतं. डोक्यावर केस नव्हते, त्यावर तिच्या मावशीनं विणलेली पिवळी टोपी. उजव्या हाताच्या पाठीवर सलाइनची सुई, चिकटपट्टी, खाली पुठ्ठा बांधलेला. तिनं मला विचारलं, "हे दुखणार?" मी म्हटलं, "नाही, हे फक्त तेल आहे." तिनं डावा हात पुढं केला, मग थोडं थांबून उजवा हात उलटा करून तळवा दाखवला आणि म्हणाली, "इथं जागा आहे." मग विचारलं, "येशूला माहीत आहे का मी कुठल्या खाटेवर आहे?" ज्या मुलीला हा प्रश्न पडतो ती कळती नाही, असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार होतो?

तेव्हा तुमच्या धर्मग्रामाच्या फादरना पुन्हा भेटा, मुलाला बरोबर न्या, त्यांना त्याच्याशी बोलू द्या. शिवाय एक गोष्ट लोकांना माहीत नसते. गंभीर आजारी बालकाला दृढीकरणही देता येतं आणि प्राण धोक्यात असेल तर ते कुठलाही धर्मगुरू देऊ शकतो, बिशपांची वाट बघावी लागत नाही. आणि एखाद्या नवजात बाळाचा बाप्तिस्मा व्हायचा असेल व ते अत्यवस्थ असेल, तर तेलाचा विचारही करू नका, आधी पाणी. फादर पोचेपर्यंत थांबण्याइतका वेळ नसेल तर नर्सनं, आजीनं, कुणीही कपाळावर तीनदा पाणी ओतत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं बाप्तिस्मा द्यावा. तो शंभर टक्के खरा असतो.

पापडीच्या एका गृहस्थांनी लिहिलंय की वडिलांना पक्षाघाताचा झटका आला, शुद्ध नाही, मग त्यांनी मागितलं नसताना संस्कार कसा द्यायचा. वडील रविवार चुकवत नसत, रोज जपमाळ म्हणत, हे त्यांच्याच पत्रात आहे. मग त्यांनी मागितलेलंच आहे. शुद्धीत असते तर मागितलं असतं, एवढं धरून चालणं पुरेसं आहे, कायद्याला तेवढंच हवं असतं. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांनाही हेच लागू. त्यांना तुमचं नाव आठवत नसेल, पण अनेकदा 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सुरू केलं की ओठ हलायला लागतात. आणि नुसत्या वार्धक्यानं, कुठलाही ठरावीक आजार नसताना, माणूस खचत चालला असेल तरी तो पात्र आहे. नव्वदीच्या माणसाला कसला रिपोर्ट मागायचा?

शस्त्रक्रियेबद्दल तीन पत्रं आहेत. शस्त्रक्रियेचं कारण गंभीर असेल तर आधी संस्कार घ्यावा: बायपास, गाठ काढणं, मेंदूचं ऑपरेशन. मोतीबिंदू किंवा दाढ काढण्यासाठी नको, त्यासाठी आशीर्वाद घ्या. गरोदरपण हा आजार नव्हे, पण त्यात रक्तदाब चढून बाईच्या जिवाला धोका असेल तर जरूर. मनाच्या आजाराबद्दल एका पित्यानं विचारलंय. कायद्यात 'आजार' म्हटलंय, शरीराचाच असा शब्द तिथं नाही. मुलाचा जीव धोक्यात घालण्याइतकं दुखणं असेल तर मी देईन. मात्र मनोविकारतज्ज्ञाची औषधं एक दिवसही चुकवायची नाहीत, हे मी त्याच खोलीत, त्याच्यासमोर सांगेन.

पाचूबंदरच्या एका कोळी बांधवांनी वेगळंच विचारलंय: वादळाच्या दिवसांत बोट लोटण्यापूर्वी तेल लावून घेता येईल का, आमचाही जीव धोक्यात असतो. दादा, तुमचा धोका खरा आहे, पण तो समुद्रात आहे, तुमच्या अंगात नाही. या संस्काराला धोका आजाराचा, जखमेचा किंवा वयाचा लागतो. लढाईवर जाणाऱ्या सैनिकालाही तो देत नाहीत, जखमी झाल्यावर देतात. तुम्ही पापनिवेदन करा, ख्रिस्तप्रसाद घ्या, बोटीला आशीर्वाद मागा. मी स्वतः येईन.

यावरून ११ फेब्रुवारीचा विषय काढतो. लूर्द मातेचा हा सण १९९३ पासून जागतिक रुग्ण दिन म्हणूनही पाळला जातो आणि आपल्याकडं बऱ्याच चर्चमध्ये त्या दिवशी आजाऱ्यांसाठी मिस्सा होऊन सामुदायिक अभ्यंग असतो. चांगली प्रथा आहे. चाकाच्या खुर्चीतली माणसं वर्षातून एकदा सगळ्यांच्या मधोमध बसतात. पण रांगेत सर्दी झालेली, परीक्षा असलेली, 'सगळे जातात म्हणून' आलेली धडधाकट मंडळी उभी राहतात, ते मला बरोबर वाटत नाही. औषध ज्याचं त्यानं घ्यावं. एका वर्षी पंचविशीचा एक मुलगा पुढं आला, दोन्ही तळवे उघडे. मी विचारलं, "तुला काय होतंय?" म्हणाला, "मला काही नाही फादर. आई घरी आहे, उठवत नाही तिला. तिच्या नावानं माझ्या हाताला लावा, मी जाऊन तिच्या हाताला घासतो." माझ्या घशात आवंढा आला. तरी मी लावलं नाही. हा संस्कार दुसऱ्याच्या वतीनं घेता येत नाही. त्याला शेवटच्या बाकावर थांबायला सांगितलं आणि मिस्सा संपल्यावर त्याच्याच स्कूटरवर मागं बसून त्याच्या घरी गेलो.

तेल कोण लावू शकतं, हा प्रश्न एका नर्सनं विचारलाय. तिच्याकडं तीर्थक्षेत्राहून आणलेली तेलाची बाटली आहे, ती रुग्णांना लावते. ताई, ते तेल तुम्ही जरूर लावा, प्रार्थना करा, त्यात गैर काही नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी पोप पहिले इनोसंट यांनी एका बिशपांना लिहिलेल्या पत्रातही, बिशपांनी आशीर्वाद दिलेलं तेल श्रद्धावंत आपापल्या गरजेसाठी वापरत, असा उल्लेख आहे. पण तो संस्कार नव्हे, आणि रुग्णालाही 'फादर येऊन गेल्यासारखंच आहे' असं सांगू नका. संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतो. डीकन (धर्मगुरूच्या आधीच्या पायरीवरचा सेवक) नाही, सिस्टर नाही, ख्रिस्तप्रसाद घरोघरी नेणारे सेवकही नाहीत. पापांची क्षमा त्यात गुंतलेली आहे, हे त्याचं कारण. रोमनं २००५ मध्ये पुन्हा एकदा ते ठामपणे सांगितलं.

माझ्या डबीबद्दलही विचारलंय म्हणून सांगतो. सुपारीएवढी, पितळी, फिरकीच्या झाकणाची. आत कापूस, त्यात मुरलेलं जैतुनाचं तेल. पवित्र आठवड्यात बिशप तीन तेलांना आशीर्वाद देतात, त्यातलं हे आजाऱ्यांचं. १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी विधी सोपा केला तेव्हा, जैतून मिळत नसेल तर दुसरं वनस्पतीचं तेलही चालेल अशी मुभा दिली, म्हणजे प्रसंग पडला तर आपलं खोबरेलही. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय अशा ठिकाणी तेल लावत. आता कपाळाला आणि दोन्ही हातांना. आपल्याला अभ्यंग हा शब्द दिवाळीच्या पहाटेमुळं ठाऊक आहे, आईनं पाटावर बसवून अंगाला चोळलेलं ते कोमट तेल. रुग्णाभ्यंग हा शब्द ज्यानं मराठीत रुळवला त्याचे मी मनोमन आभार मानतो. 'शेवटचं' पेक्षा त्यात आईचा हात जास्त आहे.

दोन पत्रं मिश्र घरांतली आहेत. एक हिंदू भगिनी लिहितात: माझे यजमान ख्रिस्ती आहेत, अतिदक्षता विभागात आहेत, मी फादरना बोलावलं तर चालेल का, आणि सासऱ्यांच्या घरचे म्हणतात तुला काय कळतं त्यातलं. बाई, तुम्हाला जे कळलं ते त्यांना कळलं नाही. कुणीही बोलावू शकतं, वॉर्डबॉयसुद्धा. मी येतो तेव्हा बोलावणाऱ्याचा बाप्तिस्मा विचारत नाही, आजाऱ्याचा विचारतो. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याला मात्र हा संस्कार देता येत नाही. संस्कारांचं दार बाप्तिस्म्यातून उघडतं. पण प्रार्थनेला तशी अट नाही. कितीतरी हिंदू, मुसलमान रुग्णांनी शेजारच्या खाटेवरून मला हाक मारलीय, "फादर, इकडं पण." मी डोक्यावर हात ठेवून त्यांच्यासाठी आपल्या शब्दांत प्रार्थना करतो. तेलाची डबी तेवढ्यापुरती खिशात जाते.

दुसरं पत्र एका मल्याळी ऑर्थोडॉक्स कुटुंबाचं. ऑर्थोडॉक्स बंधुभगिनींनी स्वतःहून मागितलं आणि त्यांच्या मनाची तयारी असली तर आम्ही देऊ शकतो. प्रोटेस्टंट बांधवांच्या बाबतीत नियम अधिक कडक आहेत: मरणाचा धोका हवा, त्यांचे पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, पोचू शकत नसावेत, त्यांनी स्वतः मागायला हवं आणि या संस्काराविषयी त्यांची श्रद्धा कॅथलिकांसारखी हवी. नगरकडची प्रोटेस्टंट सून वसईच्या घरात आजारी असेल तर आधी तिच्या पाळकांना फोन करा. ती तिची माणसं आहेत.

'भाऊ चर्चबाहेर दुसरं लग्न करून राहतो, त्याला फादर तेल लावणार नाहीत ना?' असं एका बहिणीनं लिहिलंय. उघड गंभीर पापात हट्टानं टिकून राहणाऱ्याला संस्कार देऊ नये, असा नियम आहे खरा. पण हट्ट आहे की नाही हे बहिणीनं, शेजाऱ्यानं, चर्चच्या समितीनं ठरवायचं नाही. फादरना बोलवा आणि खोलीबाहेर थांबा. आजारपणात माणूस काय बोलतो ते त्याच्या आणि देवाच्या मधलं असतं. बोलावलंच नाही तर त्याला बोलायची संधीच मिळाली नाही, आणि ती हिरावून घ्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

एक शेवटचं, दुःखाचं. 'फादर दहा मिनिटं उशिरा पोचले, बाबा गेले होते, त्यांनी तेल न लावता नुसती प्रार्थना केली, आम्ही फार दुखावलो.' संस्कार जिवंतांसाठी असतात. प्राण गेला की नाही याची शंका असेल तर फादर तेल लावतील, लावावंच. पण डॉक्टरांनी निश्चित सांगितलं असेल तर ते फक्त मृतासाठी प्रार्थना करतात. त्या फादरांनी तुमच्या बाबांना काही नाकारलं नाही. तुमचे बाबा देवाच्या हाती तेलावाचूनही पोचले आहेत. फादर दहा मिनिटं उशिरा आले हे तुम्हाला बोचतंय, पण पत्रात हेही आहे की बाबा पाच आठवडे झोपून होते. हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. माझे सात सोमवार मी वर सांगितलेच आहेत.

आता, ताई, पुन्हा तुमच्याकडं येतो. उद्याच चर्चच्या ऑफिसात फोन करा. 'आई सीरियस नाही, पण आजारी आहे आणि तिला संस्कार हवा आहे' असं सांगा, म्हणजे फादर घाईत न येता निवांत येतील आणि तिला पापनिवेदन करायला वेळ मिळेल. त्या वेळी तुम्ही सगळे स्वयंपाकघरात जा. टेबलावर पांढरं कापड, क्रूस, पेलाभर पाणी, हात पुसायला स्वच्छ रुमाल ठेवा. मेणबत्ती लावा, पण घरात ऑक्सिजनचा सिलिंडर चालू असेल तर अजिबात लावू नका. डायलिसिसमुळं तिला पाणी मोजून असेल, फादरना आधी सांगा, ख्रिस्तप्रसादाचा लहानसा तुकडा चमचाभर पाण्याबरोबर देता येतो. उपवासाची काळजी नको, आजाऱ्याला आणि तिची सेवा करणाऱ्यांना तासाभराच्या उपवासाची अट नाही, म्हणजे तुम्हीही घ्या. भावाला घरी थांबायला सांगा. विधीत एका ठिकाणी फादर काही न बोलता आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवतात. तेव्हा त्याला आईच्या पायाशी बसू द्या.

डायलिसिसच्या दिवशी ती गळून गेलेली असणार. मंगळवार मागून घ्या, सकाळची दहाची वेळ.